वाहिन्यांचा सातबारा

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेत असलेले १९ सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी एका जिल्हा दैनिकात एकतीस वर्षे उपसंपादक होतो. संध्याकाळी सातला टेबलावर बसायचे, आधी डाक आवृत्तीची पाने सोडायची, मग शहर आवृत्तीची, आणि मशीनचा आवाज सुरू झाला की दोनच्या सुमाराला सायकल काढायची. या नोकरीत दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक जास्तीचे काम अंगावर पडे. मालकीचे निवेदन लावायचे. तुमच्यापैकी कुणी ते कधी वाचले असेल असे वाटत नाही. मी लावायचो, पण मीही वाचायचो नाही. आतल्या पानावर, 'नावात बदल' आणि 'हरवले आहे' यांच्या शेजारी, जागा उरेल तिथे एक बारीक टाइपातला चौकोन. वर 'फॉर्म ४, नियम ८ पाहा'. खाली प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, संपादक, प्रत्येकाच्या नावापुढे 'भारतीय' आणि पत्ता. शेवटी वर्तमानपत्राचे मालक कोण, आणि एकूण भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेले भागीदार किंवा भागधारक कोण, त्यांची नावे. मग 'वरील तपशील माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे' आणि प्रकाशकाची सही.

१९९४ साली मी घोळ घातला. रात्री पेस्टिंगच्या टेबलावर नवा ब्रोमाइड, म्हणजे पानावर चिकटवायचा मजकुराचा फोटो-कागद, सापडेना, म्हणून ड्रॉवरमधला गेल्या वर्षीचा काढला, तारीख ब्लेडने कापून नवी चिकटवली आणि पान सोडून दिले. मधल्या दिवाळीत मालकांचे थोरले बंधू वारले होते. आमच्या निवेदनात मात्र ते हयात होते, भागीदार होते आणि भारतीय होते. मालकांच्या लक्षात आले नाही, संपादकांच्या नाही, निवेदन ज्या कायद्यासाठी छापायचे त्या कायद्याच्या कचेरीच्याही नाही. पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आले, एका निवृत्त तलाठ्याचे. त्यात एवढेच: "सातबाऱ्यावर मयताचे नाव राहिले तर आम्ही वारसनोंद लावतो. आपल्याकडे काय पद्धत आहे?"

आम्ही खूप हसलो. मी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली सरकवले आणि निवृत्त झालो तेव्हा घरी आणले. त्याला उत्तर लिहायचे राहूनच गेले. ते आता लिहितो आहे, पण तुम्हाला.

आपल्या राज्यात कुणाच्याही जमिनीचा सातबारा कुणालाही बघता येतो. महाभूलेखवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. भोगवटादार कोण ते एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला 'इतर अधिकार': कूळ, सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा. जमिनीचा व्यवहार करणारा माणूस आधी ती दुसरी बाजू बघतो. नाव कुणाचेही असो, बोजा कुणाचा ते महत्त्वाचे. वीस गुंठ्यांच्या मालकाचे कर्ज सगळ्या दुनियेला उघडे आहे. मग रोज रात्री नऊ वाजता लाखो घरांत शिरून कोण देशभक्त, कोण गद्दार ते ठरवणाऱ्या वाहिनीचा सातबारा कुठल्या चावडीवर मिळतो?

वर्तमानपत्रातला तो चौकोन मालकांनी हौसेने छापलेला नाही. १९५२ साली पहिला प्रेस आयोग नेमला गेला. अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष, आपल्याकडचेच. १९५४ साली त्यांचा अहवाल आला. ताग, कापड, सिमेंटवाल्या घराण्यांच्या हातात देशातली मोठी पत्रे गेली होती आणि वाचकाला त्याचा पत्ता नव्हता, ही त्या काळची काळजी होती. वृत्तपत्र निबंधकाची कचेरी १९५६ साली सुरू झाली ती त्या अहवालातून, श्रमिक पत्रकारांचा कायदा त्यातूनच, आणि पुढे प्रेस कौन्सिलही. आमच्या ड्रॉवरमधला ब्रोमाइड हे त्या झाडाचे अगदी शेवटचे, वाळलेले पान.

त्याच अहवालातून आणखी एक गोष्ट निघाली आणि ती फसली. ती कशी फसली हे तुम्ही समजून घ्यावे असे मला वाटते, कारण 'माध्यमांची मक्तेदारी मोडा' असे भाषणात म्हणणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते. जाहिरातींच्या जोरावर मोठे पत्र कमी किमतीत जास्त पाने देते आणि लहान पत्र मरते, म्हणून किमतीच्या हिशेबात पानांवर मर्यादा घालणारा कायदा १९५६ साली झाला. १९६० साली त्याखाली आदेश निघाला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेले? ताग गिरणीवाले नव्हेत. पुण्याचा 'सकाळ' गेला, नानासाहेब परुळेकरांचा. २५ सप्टेंबर १९६१ रोजी निकाल लागला, लिहिला न्यायमूर्ती मुधोळकरांनी. कायदा रद्द. धंद्यावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतात, बोलण्यावर त्या कारणाने येत नाहीत. लहानांना वाचवायचे म्हणून मोठ्याची पाने कापता येणार नाहीत. आयोग राजाध्यक्षांचा, अर्जदार परुळेकर, निकाल मुधोळकरांचा. अख्ख्या देशाचा प्रश्न आपल्या माणसांनी आपापसात सोडवला, असे आम्ही डेस्कवर गमतीने म्हणायचो.

पुढे १९७२ साली सरकारने वर्तमानपत्राच्या कागदाच्या धोरणात दहा पानांची मर्यादा घातली. तीही बेनेट कोलमन, म्हणजे 'टाइम्स ऑफ इंडिया'ची कंपनी, तिच्या खटल्यात चार विरुद्ध एक अशी उडाली. वेगळे मत देणारे न्यायमूर्ती मॅथ्यू. बोलायची साधने मोजक्यांच्या हातात एकवटली तर बाकीच्यांच्या बोलण्याचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे तेच दुसऱ्या प्रेस आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९८२ च्या अहवालात वर्तमानपत्रे इतर उद्योगांपासून वेगळी करावीत, असे त्यांनी सुचवले. अहवाल छापला गेला.

मी स्वतः या भांडणात 'सकाळ'च्या बाजूचा आहे. कारण पाने मोजणारी पट्टी एकदा सरकारच्या हातात दिली की तिने काय काय मोजले जाईल ते सांगता येत नाही. आणीबाणी आली तेव्हा मी शाळेत होतो, पण डेस्कवरच्या जुन्या माणसांकडून कोऱ्या अग्रलेखांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. तेव्हा आकार बांधून घालायची वाट मला नको आहे. पण आकार बांधणे वेगळे आणि नाव सांगायला लावणे वेगळे. नाव सांगितल्याने कुणाचे एक पानसुद्धा कमी होत नाही.

आणि नाव सांगितले नाही तर काय होते त्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको, 'सकाळ'च घ्या. परुळेकर १९७३ साली गेले. १९८०च्या दशकात ते पत्र पवार कुटुंबाकडे आले. मी त्यात चांगले-वाईट काही म्हणत नाही. पत्र वाढले, आवृत्त्या वाढल्या. म्हणणे एवढेच की मास्टहेड तेच राहते, पहाटे अंक टाकणारा मुलगा तोच राहतो, आणि मालक बदलतो. जमीन विकली गेली तर फेरफाराची नोटीस चावडीवर लागते. पत्र विकले गेले तर वाचकाने ते मार्चमधल्या चौकोनातून ओळखायचे, तोही उपसंपादकाने जुना ब्रोमाइड लावला नसेल तर.

निदान छापील पत्रांना तो चौकोन तरी होता. वाहिन्यांना तोही नाही. १८६७ चा जुना कायदा आता गेला, १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांचा नवा कायदा लागू झाला, निबंधकाला नवे नाव मिळाले. इतक्या वर्षांनी कायदा नव्याने लिहायला घेतला होता, तर वाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे त्यात येतील असे वाटले होते. आली नाहीत. तुम्ही त्या सभागृहात असाल तर तुमच्या समोर झाले आहे ते.

वास्तविक वाहिन्यांच्या बाबतीत विचारायचा हक्क जास्त पक्का आहे. वर्तमानपत्राचा कागद मालक स्वतःच्या पैशाने आणतो. वाहिनी ज्यावरून चालते त्या लहरी कुणाच्या? १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी लिहिले की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे आपल्या भाषेत गायरान. गायरानावर कुणाला गुरे सोडायची परवानगी दिली असेल तर गुरे कुणाची, हे विचारायला गावाला कुणाची परवानगी लागत नाही.

आता रिमोट हातात घ्या आणि मराठी बातम्यांच्या वाहिन्या एकेक करून लावा. एबीपी माझा हे कोलकात्याच्या आनंदबझार पत्रिका समूहाचे; आधी ते स्टार माझा होते, २०१२ मध्ये नाव बदलले. टीव्ही ९ मराठीची कंपनी मूळ हैदराबादची. झी २४ तास झी मीडियाचे. त्या समूहाचे सुभाष चंद्रा २०१६ ते २०२२ राज्यसभेत होते, काहींचे तर शेजारचे बाक असतील. न्यूज १८ लोकमतमध्ये दर्डांचा लोकमत आणि नेटवर्क १८ भागीदार, आणि नेटवर्क १८ हे २०१४ पासून रिलायन्सच्या ताब्यात. साम सकाळ समूहाचे. एनडीटीव्ही मराठी १ मे २०२४ ला, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त धरून आले, ते अदानी समूहाचे. मी हे वर्तमानपत्रात राहिलेला माणूस म्हणून सांगू शकतो. माझ्या शेजारच्या किराणावाल्याला विचारले तर तो म्हणाला, "एबीपी म्हणजे आपलंच मराठी ना?" मराठी आहेच. पण बातमी कुठली चालवायची हे ठरवणारा शेवटचा माणूस मराठी बोलतो की नाही, आणि त्याचे बाकी धंदे काय आहेत, हे त्याला कधी कुणी सांगितलेले नाही.

मालक कोलकात्याचा असल्याने बिघडत नाही. उलट कधी कधी बरेच पडते. सोलापूरच्या साखर कारखान्याच्या चेअरमनला कोलकात्याला फोन लावता येत नाही. आपला कायदाही गमतीचा आहे. परदेशी पैसा बातम्यांच्या छापील पत्रात २६ टक्क्यांपर्यंत, वाहिनीत ४९ टक्क्यांपर्यंत. परक्याला टक्का आहे. घरच्याला कुठलाच टक्का नाही. वर्तमानपत्र, वाहिनी, केबल, वीज, बंदर, सगळे एकाच सातबाऱ्यावर आले तरी चालते.

आणि सातबाऱ्याची ती दुसरी बाजू, बोजाची. एनडीटीव्हीचेच बघा. २००९ साली त्याच्या संस्थापकांच्या कंपनीने विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या एका कंपनीकडून चारशे कोटींच्या थोडे वर कर्ज घेतले. त्या कर्जाच्या कागदात अशी अट होती की ठरावीक रोख्यांचे समभागांत रूपांतर करून सावकाराला संस्थापकांची ती कंपनीच ताब्यात घेता येईल, आणि त्या कंपनीकडे एनडीटीव्हीचे २९ टक्क्यांहून जास्त समभाग होते. तेरा वर्षे हा कागद तसाच होता. काही पत्रकारांनी त्यावर लिहिले होते, पण पडद्यावर तो प्रेक्षकाला कधी दिसला नाही. २३ ऑगस्ट २०२२ ला अदानी समूहाने जाहीर केले की ती विश्वप्रधान कंपनी आम्ही घेतली आहे आणि आता तो हक्क बजावणार. आमच्या संमतीविना हे झाले, असे संस्थापकांनी सांगितले. डिसेंबर संपेपर्यंत समूहाकडे ६४ टक्क्यांहून जास्त समभाग होते. वाहिनी विकायला काढल्याची पाटी कुणी लावली नव्हती. बोजा होता. तो 'इतर अधिकारा'त नोंदलेला नव्हता, एवढेच.

त्याच नोव्हेंबरात धारावीच्या पुनर्विकासाची निविदा अदानी समूहाने जिंकली. मुंबईचे विमानतळ त्याआधीच त्यांच्याकडे गेले होते. आता धारावीतला माणूस एनडीटीव्ही मराठीवर धारावीची बातमी बघत असेल तर त्याला एक ओळ मिळायला हवी की नको? हेही खरे सांगितले पाहिजे की एनडीटीव्हीच्या संकेतस्थळावर अदानी समूहाविषयीच्या बातमीखाली तशी ओळ असते, ही वाहिनी अदानी समूहाच्या कंपनीची आहे म्हणून. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बरे वाटले. पण ती त्यांच्या मर्जीची ओळ आहे. उद्या काढली तर विचारणार कोण? आणि बाकीच्यांनी कधी घातलीच नाही तर?

तुम्ही म्हणाल, ही माहिती सरकारकडे असते की. असते, आणि खरा घोळ तिथेच आहे. वाहिनीला परवानगी देताना माहिती व प्रसारण मंत्रालय भागधारकांची यादी घेते, बदल झाला तर कळवायला लावते. २०२१ च्या नियमांपासून डिजिटल बातम्यांच्या प्रकाशकांनीही आपली माहिती मंत्रालयाला द्यायची आहे. म्हणजे सगळे कागद वर जातात, खाली काही येत नाही. सरकारला मालकाचा धंदा, त्याचे कर्ज, त्याची परवानगी केव्हा संपते, सगळे ठाऊक. प्रेक्षकाला त्यातले काही ठाऊक नाही. अशा वेळी मालकाने कुणाला भ्यायचे? केरळच्या मीडियावन वाहिनीचे प्रक्षेपण २०२२ च्या जानेवारीअखेर बंद झाले, कारण गृहमंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली. कारणे बंद पाकिटात न्यायालयाला दिली, वाहिनीला नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. ती वाहिनी लढली म्हणून आपल्याला कळले. ज्याची बंदरे आणि विजेची कंत्राटे आहेत तो मालक लढत बसत नाही. त्याला फोनही करावा लागत नाही.

फोनवरून आठवले. आमच्या तालुका वार्ताहराने एकदा नदीतल्या मेलेल्या माशांची बातमी पाठवली होती. गळीत हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. फोटोत पांढरी पोटे वर करून मासे, आणि काठावर नाकाला पदर लावलेल्या दोन बायका. वार्ताहराने स्वच्छ लिहिले होते की कारखान्याच्या डिस्टिलरीचे मळीमिश्रित पाणी रात्री ओढ्यात सोडले जाते, आणि ओढ्याचे, पाण्याच्या रंगाचे, सगळे वर्णन दिले होते. मी शीर्षक लावले, पान सोडणार इतक्यात वरून निरोप आला, "ते जरा बघून घ्या." आमचा मालक कारखान्याचा मालक नव्हता. पण कारखान्याच्या बॉयलर प्रदीपनाची पुरवणी आमच्याकडे असे, चेअरमनच्या वाढदिवसाची असे, वार्षिक सभेची नोटीस असे. मी बातमी काढली नाही, याचा मला त्या रात्री अभिमानच वाटला. मी फक्त दोन परिच्छेद कापले आणि शीर्षकात दोन शब्द घातले. सकाळी छापून आले: 'नदीपात्रात हजारो मासे मृत, कारण अस्पष्ट'. वार्ताहर मला काही बोलला नाही. बोलणार कसा, त्या पुरवणीच्या जाहिरातीतले पंधरा टक्के कमिशन हाच त्याचा पगार होता. बातमीचे मानधन इतके की त्याच्या मोटारसायकलचे पेट्रोलही निघत नसे.

हे सांगितले कारण मालकीचा कागद छापला की सगळे सुटेल असे मी समजत नाही. ताबा मालकीच्या बाहेरूनही येतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत एकच मजकूर शब्दाला शब्द लावून वेगवेगळ्या नावांनी आला, पत्रकार पी. साईनाथांनी ते उघडे केले. पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर ७१ पानांचा अहवाल लिहिला. कौन्सिलने तो प्रसिद्धच केला नाही. माहिती आयोगाने आदेश दिला तेव्हा, २०११ मध्ये, तो लोकांसमोर आला. ज्या संस्थेने पत्रांना आरसा दाखवायचा तिनेच आरसा कपाटात ठेवला. म्हणून मी म्हणतो की निवेदनात मालकाचे नाव, कर्ज देणाऱ्याचे नाव आणि वर्षभरात सरकारी जाहिरातींतून मिळालेला पैसा, तिन्ही यावे. भोगवटादार, बोजा आणि पाणी कुठल्या पाटाचे.

'पूर्वी असे नव्हते' हे गाणे मी गाणार नाही. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक, पण सामाजिक सुधारणेवर मतभेद झाले तेव्हा १८८७ मध्ये त्यांना बाहेर पडावे लागले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढावा लागला. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून. त्याची जाहिरात पैसे घेऊनही 'केसरी'ने छापली नाही, अशी नोंद बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. पत्र ज्याच्या हातात नाही त्याचे म्हणणे छापले जात नाही, हे महाराष्ट्राला फार आधीपासून माहीत आहे. पण त्या काळी एक सोय होती. 'केसरी' कुणाचा आणि 'मूकनायक' कुणाचा, हे हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आजही जिथे ते ठाऊक आहे तिथे माझी तक्रार कमी आहे. 'सामना' १९८८ पासून ठाकऱ्यांच्या शिवसेनेचा आहे, कपाळावर टिळा लावून आहे. नागपूरचा 'तरुण भारत' कुठल्या विचाराचा हे विचारावे लागत नाही. 'प्रहार' राण्यांचा, हे कोकणात शाळकरी पोरगा सांगेल. 'लोकमत'चे जवाहरलाल दर्डा मंत्री होते, पुढची पिढी राज्यसभेत आणि मंत्रिमंडळात होती, सगळ्यांना माहीत. मराठी वाचक त्या बाबतीत तयार आहे. आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयात दोन पत्रे येतात, मुद्दाम एकमेकांच्या विरुद्धची, आणि गिऱ्हाईक दोन्ही चाळून मधले काय ते स्वतः ठरवते. मालक माहीत असलेल्या माणसाला फसवणे अवघड जाते. अवघडलेले गिऱ्हाईक, गालाला साबण लावलेले, तेवढ्यातही विचारते, "हे कुणाच्या पेपरात आलंय?" वाहिनीच्या बाबतीत तो प्रश्न त्याच्या तोंडी अजून येत नाही.

तुमच्यातल्या काहींचा वर्तमानपत्राशी किंवा वाहिनीशी घरचाच संबंध आहे. त्यांनी हे पत्र इथे बाजूला ठेवले तर मी समजून घेईन. त्यांनी ते बाजूला ठेवले नाही तर मात्र मला मनापासून आनंद होईल, कारण स्वतःच्या घराचा उतारा स्वतः चावडीवर नेऊन लावणाऱ्याला गाव विसरत नाही.

आता मागणे. ट्राय या तुमच्याच दूरसंचार नियामक संस्थेने १२ ऑगस्ट २०१४ ला माध्यमांच्या मालकीवर शिफारशी दिल्या. राजकीय पक्ष, धार्मिक संस्था, सरकारी खाती यांना प्रसारणात येऊ देऊ नये. उद्योगसमूहांच्या प्रवेशावर मर्यादा असाव्यात. एकाच बाजारात वर्तमानपत्र आणि वाहिनी दोन्ही एकाच्या हातात किती असावे याला हद्द असावी. समभागांच्या बदल्यात जाहिराती देण्याचे खासगी करार बंद व्हावेत. माध्यमांसाठी स्वतंत्र नियामक असावा. त्यातल्या काहींना माझा विरोध आहे, वर 'सकाळ' खटल्याविषयी लिहिले त्याच कारणाने. पण वाद घालण्याआधी त्या सभागृहात यायला तर हव्यात. आठ वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, ट्रायने त्याच विषयावर पुन्हा चर्चापत्र काढले. म्हणजे पहिल्या अर्जाचे उत्तर न देता दुसरा अर्ज मागवला. तलाठी कार्यालयात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशासकीय विधेयक आणावे असे मी म्हणणार नाही. १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही, हे मलाही माहीत आहे. मी फक्त एक तारांकित प्रश्न मागतो. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, तेव्हा मसुदा मीच खाली लिहून देतो. भाषा सुधारायची तर सुधारा, उपसंपादकाला कापाकापीचे वाईट वाटत नाही. फक्त 'अंतिम' हा शब्द कापू नका. कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिची तिसरी, या साखळीत माणूस हरवतो, आणि निवेदनात मला माणसाचे नाव हवे आहे.

"माहिती व प्रसारण मंत्री पुढील माहिती देतील काय: (अ) भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या १२ ऑगस्ट २०१४ च्या माध्यम मालकीविषयक शिफारशींपैकी कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या फेटाळल्या आणि त्याची कारणे, (ब) बातम्यांच्या वाहिन्या व डिजिटल प्रकाशक यांनी मंत्रालयाकडे सादर केलेली भागधारकांची यादी लोकांसाठी खुली करण्यास शासनाची काय हरकत आहे, (क) प्रत्येक वाहिनीने वर्षातून एकदा रात्रीच्या मुख्य बातमीपत्रात, त्या वाहिनीच्या भाषेत, अंतिम मालक व्यक्ती, समभागांवर हक्क सांगू शकणारे कर्जदाते आणि वर्षभरातील सरकारी जाहिरातींचे उत्पन्न जाहीर करावे, अशी तरतूद करण्याचा शासनाचा विचार आहे काय?"

उत्तर आले की त्याची प्रत टपालाने पाठवावी, ही विनंती. ईमेल मुलगा बघतो आणि तो पुण्याला असतो. ते तलाठी असतील तिथे असोत. त्यांचा पत्ता कार्डाच्या मागे आहे, एक प्रत तिकडेही पाठवून बघेन.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक
सोलापूर